स्टिअरिंगवरचं फडकं

दोन गाड्यांची तुलना करायचं खूळ मालकांचं. जुनी माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी, जगात सतराच उरलेल्या. नवी गेल्या वर्षीची, मुळात चाळीसच बनवलेल्या. दोन्ही एकाच ट्रॅकवर, एकाच सकाळी पळवायच्या आणि मासिकात छापून आणायचं. चालवणार माझी लेक, मेकॅनिक मी.

नवी आधी पळाली. ती म्हणजे लाडावलेलं पोर. काच धुवायचं पाणी कमी झालं तरी टुणटुण रडते. जुनी मात्र जीव गेला तरी तोंड उघडायची नाही. म्हणून आमच्या गॅरेजात नियम आहे: काम चालू असेपर्यंत स्टिअरिंगला लाल फडकं बांधायचं. काम करणाऱ्यानंच ते सोडायचं आणि गाडी परत येईपर्यंत स्वतःच्या खांद्यावर टाकायचं. लेक सहा वर्षांची होती तेव्हापासून हे बघत आली आहे.

जुनीच्या प्रत्येक चाकाला मधोमध एकच मोठा नट. तांब्याच्या हातोड्याचे सात ठोके देऊन तो आवळायचा. तीन चाकं झाली. चौथा नट हातानं बसवला, तोच मालकांनी हाक मारली. नवी पुन्हा रडत होती. परत आलो तर स्टिअरिंगवर फडकं नाही. म्हटलं, झालं असणार, आपणच सोडलं असणार. साठी बुद्धी नाठी, असं कुणी मला तोंडावर म्हटलं असतं तर मी त्याला हातोडाच दाखवला असता.

"जा," मी लेकीला म्हणालो.

गाडी सुटली. शेजारी उभा असलेला मासिकाचा फोटोग्राफर खिशातून लाल फडकं काढून हात पुसायला लागला.

"हे कुठून घेतलंत?"

"स्टिअरिंगवरून. फोटोत घाण दिसत होतं हो."

शिव्या घालायलाही तोंडात थुंकी उरली नव्हती. फडकं हिसकावून घेतलं. जुनीत ना फोन, ना इशाऱ्याचा दिवा. चाक सुटलं तर ते पुढं पळताना दिसेल तेव्हाच पोरीला कळणार. वळणामागून इंजिनाचा आवाज येत होता. तो येतोय तोवर ती आहे, एवढंच मी धरून ठेवलं.

आणि आवाज बंद झाला.

हातोडा घेऊन पळत सुटलो. गाडी जाऊ दे, नाव जाऊ दे, माझी पोर तेवढी राहू दे, असं बडबडत पळत होतो. देवाशी माझं फारसं बोलणं नसतं, पण त्या दिवशी लाज वाटली नाही.

वळणापलीकडं गाडी कडेला उभी होती. लेक चौथ्या चाकापाशी उकिडवी बसली होती, अगदी धडधाकट. मी आधी तिच्यावरच खेकसलो, "इंजिन कशाला बंद केलंस? जीव गेला असता माझा!"

"आरशात बघितलं," ती म्हणाली. "तुमचा खांदा रिकामा होता, बाबा."

मी हातोडा उचलला, पण नेम धरता येईना. तिनं तो काढून घेतला. पहिल्याच ठोक्याला नट अर्धा फेरा फिरला. आम्ही दोघांनीही तो फिरताना बघितला. मी मोठ्यानं सात मोजले. मग तिनं उरलेले तिन्ही नट ठोकून बघितले. ते घट्ट होते. मला जरा बरं वाटलं.

तिनं माझ्या मुठीतून फडकं सोडवून घेतलं. सवयीनं मी खांदा पुढं केला.

तिनं ते स्वतःच्या खांद्यावर टाकलं.