पऱ्हाटीची सावली

पहिल्या वर्षी निशिगंधाला चिंतामण सरांचा इतका राग यायचा, की एस.टी.त बसल्यापासून आपलं गाव उंद्री येईपर्यंत ती मैत्रिणीजवळ, सुवर्णाजवळ, त्यांच्या नावानं बोटं मोडायची. माणूस उत्तरच देत नसे. तालुक्याच्या अध्यापक विद्यालयात उद्याच्या मास्तरांना विज्ञान शिकवायचं काम त्यांच्याकडे, नोकरीची तीस वर्षं झालेली, आणि काही विचारलं की म्हणायचे, "मला काय विचारता? काठीला विचारा." काठी नसली तर पाण्याला विचारा, नाहीतर भिंगाला. अरे, मग तुम्ही कशाला आहात बाबा?

लग्नानंतर नऊ वर्षांनी शिकायला निघालेल्या बाईला हे चोचले परवडणारे नव्हते. घरचं बोलणं आधीच झालं होतं. नवरा रवी भला माणूस, पण वावर दोघांचे हात मागत होतं. दोन वर्षं शीक, तिसरं मागू नको, असं त्यानं स्वच्छ सांगितलं होतं. त्या दोन वर्षांसाठी सासू शालूबाई साठी उलटल्यावर पुन्हा वावरात तण काढायला, निंदणाला जाऊ लागली होती. म्हणजे नापास व्हायची सोयच नव्हती. निशिगंधाला नेमकं उत्तर हवं होतं, पाठ करून परीक्षेत उतरवता येईल असं.

त्या डिसेंबरात सरांनी एक अगदी साधा प्रश्न टाकला. दुपारी बारा वाजता आपली सावली कुठं असते? पन्नासच्या पन्नास वह्यांत एकच उत्तर आलं, पायाखाली. निशिगंधानं तर त्याखाली पट्टीनं रेघ मारली. सरांनी चूक म्हटलं नाही, बरोबरही म्हटलं नाही. कापूस वेचून झाल्यावर उपटलेली एक वाळकी पऱ्हाटी त्यांनी फांद्या मोडून साफ केली, कमरेएवढी अंगणात रोवली आणि सगळ्यांना भोवती बसवलं. बाराची घंटा झाली. सावली जवळजवळ पऱ्हाटीएवढीच लांब, उत्तरेकडे पाय पसरून पडलेली.

निशिगंधा म्हणाली, काठी वाकडी आहे. काठी सरळ केली. मग ती म्हणाली, जमिनीला उतार आहे. सरांनी तिच्याच हाती पाण्यानं भरलेली ताटली दिली. उतार नव्हता. मग तिनं घड्याळावर संशय घेतला. पुस्तकावर घ्यावा, हे काही तिच्या मनात आलं नाही.

रविवारी तिनं घरच्या अंगणात एक पऱ्हाटी रोवली. शालूबाई बाजेवर बसून बघत होती. थोड्या वेळानं हसायलाच लागली.

"काय पाहून राह्यली व तू? थंडीत सावली कधी पायाखाली येते का? आमी जिंदगीभर सावली पाहूनच भाकरीचं फडकं सोडलं."

निशिगंधाचं तोंड एवढंसं झालं. जन्म वावरात गेलेला, हिवाळ्यात भर दुपारी स्वतःची सावली बांधावरून चालताना शंभरदा पाहिलेली, आणि लिहायची वेळ आली तेव्हा या बयेनं डोळे मिटून पुस्तकातलं उतरवलं. त्या दिवसापासून दर रविवारी ती सावलीच्या टोकाशी खडे मांडू लागली. सगळ्यात लहान सावली बाराला पडतच नाही, कधी बारा-पंचवीसला पडते, कधी त्याच्याही पुढं, हे तिला कोणी सांगितलं नाही. खड्यांनी सांगितलं. सरांवरचा राग त्यात कधी विरघळला, तिला कळलंही नाही.

पण भीती वेगळी असते. दुसऱ्या वर्षाच्या फेब्रुवारीत वार्षिक पाठ आला. खऱ्या शाळेत, खऱ्या वर्गावर, बाहेरून आलेल्या परीक्षकांसमोर घ्यायचा हा पाठ. यात पडलं तर वर्ष गेलं. निशिगंधाच्या वाट्याला पाचवीचा वर्ग आणि 'सावली' हाच विषय आला. परीक्षक होते वामनराव. त्यांची ख्याती अशी, की टाचणातलं उत्तर आणि पोराच्या तोंडचं उत्तर जुळलं नाही की तांबडा पेन निघालाच. टाचण म्हणजे पाठाचा आधी लिहून काढलेला सगळा बेत. त्यात एक रकाना असतो, 'अपेक्षित उत्तर'. पोरं उद्या काय बोलणार, ते आपण आजच लिहून ठेवायचं. आता बोला!

सुवर्णानं सांगितलं, शहाणपणा करू नको, पुस्तकातलं लिही. निशिगंधानं लिहिलं, 'पायाखाली.' सव्वा वर्ष खडे मांडलेल्या हातानं लिहिलं. एवढ्यावर थांबली नाही. आपल्याकडं रीतच आहे, पाठाच्या आदल्या दिवशी वर्गावर जाऊन पोरांकडून उत्तरं घोटून घ्यायची. तीही तिनं पाळली.

सहीसाठी टाचण सरांपुढं ठेवलं तेव्हा तिची मान वर होत नव्हती. सरांनी सावकाश वाचलं. त्या रकान्यावर बोट ठेवलं.

"हे उत्तर कोण देणार?"

"मुलं, सर."

"त्यांना विचारलं का तुम्ही?"

सरांनी सही केली आणि टाचण परत दिलं. रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं.

पाठाच्या दिवशी शाळेच्या अंगणात पऱ्हाटी रोवली होती. एका बाजूला खुर्चीवर वामनराव, मांडीवर टाचण. लांब भिंतीशी चिंतामण सर उभे. बाराची घंटा झाली. निशिगंधानं घसा साफ करून विचारलं, मुलांनो, आत्ता सावली कुठं आहे?

"पायाखाली!" तीस पोरं एका सुरात बोलली.

वामनरावांनी समाधानानं खूण केली. सगळं जुळलं होतं. निशिगंधानं पोरांकडं पाहिलं. तीसच्या तीस डोळ्यांच्या जोड्या तिच्या तोंडाकडं लागल्या होत्या. एकानंही खाली पाहिलं नव्हतं. प्रत्येकाच्या मागं हात-दीड हात सावली ढळढळीत पडलेली, आणि पोरं हसऱ्या चेहऱ्यानं सांगत होती की ती तिथं नाही. सव्वा वर्षापूर्वी आपण अशाच दिसत असू, असं तिला वाटलं. फरक एवढाच, की या पोरांचं हे तिनं स्वतः केलं होतं.

पुढचा प्रश्न टाचणात लिहिलेला होता. तो तिनं विचारला नाही.

"माह्याकडं पाहू नका," ती म्हणाली. "खाली पाहा."

पोरांनी माना खाली घातल्या. मग छकुली म्हणून सगळे जिला हाक मारायचे ती बारकी पोर दबक्या आवाजात म्हणाली, "मॅडम, कडेला हाय." आणि लगेच घाबरली. काल वेगळं सांगितलं होतं ना.

निशिगंधा वामनरावांपाशी गेली. त्यांच्या मांडीवरचं टाचण मागून घेतलं आणि त्यांच्यादेखत 'पायाखाली'वर काट मारली. माझं चुकलं सर, मी आधीच लिहायला नको होतं, असं म्हणाली. मनात रवीचा चेहरा होता, शालूबाईचे विळ्यानं चिरलेले हात होते. गेलं वर्ष, असं ती धरूनच चालली होती. पण पोरांकडं वळल्यावर तिला हलकं वाटलं.

पोरं तोवर खडे मांडायला बसली होती. बारा-पाच, बारा-दहा. तासाची वेळ संपली तशी वामनरावांनी पेन उघडला. पोरं ओरडली, आजून छोटी होऊन राह्यली! वामनराव उठून पऱ्हाटीपाशी आले, वाकले, मग मान वळवून स्वतःच्या सावलीकडं बघत राहिले. पेन खिशात गेला. बारा-एकोणचाळीसला सावली सगळ्यात लहान झाली आणि पुढं वाढू लागली, तोवर ते उन्हातच उभे होते. जाताना त्यांनी शेऱ्यात लिहिलं, 'अपेक्षित उत्तर आले नाही. पाठ उत्तम.'

निकालाच्या दिवशी निशिगंधा पेढे घेऊन सरांकडं गेली. रवी स्वतः सोडायला आला होता. तुमच्यामुळं पास झाले, असं म्हणताना तिचे डोळे भरून आले. मग तिनं मनातलं विचारून टाकलं.

"सर, चुकीच्या उत्तरावर सही काऊन केली तुम्ही?"

सरांनी पेढा खाली ठेवला. म्हणाले, "मी बारा वर्षं 'पायाखाली'च शिकवलं. मेहकरकडच्या एका शाळेत एक मुलगी म्हणाली, सर, खाली बघा ना. मी तिला गप्प बसवलं. संध्याकाळी घरी जाताना कळलं, मी खाली पाहिलंच नव्हतं. त्यानंतर मी जे काही शिकवलं ते तिच्यामुळं, आणि मला तिचं नावही माहीत नाही. आभार मानायला माझ्याकडं काय आलात? तुमची ती 'कडेला हाय' म्हणणारी मुलगी तर अजून शाळेत आहे."

निशिगंधा तशीच त्या शाळेत गेली. छकुलीला बाहेर बोलावलं, पेढ्यांचा उरलेला पुडा तिच्या हातात दिला आणि म्हणाली, तुह्यामुळं मी पास झाली. पोरीला काहीच कळेना. पेढा खात तिनं विचारलं, मंग पायाखाली सावली कधीच येत नाही का? उत्तर निशिगंधाच्या अगदी जिभेवर आलं होतं. तिनं ते गिळलं. फाटकाजवळच्या कुंपणातली एक पऱ्हाटी उपटून पोरीच्या हाती दिली आणि स्वतःचा फोन नंबर लिहून दिला.

मे महिन्याच्या शेवटी एक फोटो आला. तापलेलं अंगण, मधोमध रोवलेली पऱ्हाटी, आणि तिला सावलीच नाही. शेजारी दोन बारीक पाय, त्यांची सावली त्यांच्याच खाली दबलेली. खाली बापाच्या फोनवरून लिहिलं होतं, 'मॅडम, आली. बारा वाजून बावीस मिन्टं.'

शालूबाईनं फोटो दोनदा बघितला. निशिगंधानं तो चिंतामण सरांना पाठवला आणि खाली हजेरीतलं पूर्ण नाव लिहिलं, हिमानी निवृत्ती शेळके, वर्ग पाचवा. नाव लिहून ठेवा सर, असंही लिहिलं.

सरांचं उत्तर लगेच आलं. त्यांनी दिलेलं ते पहिलं सरळ उत्तर होतं.

'लिहिलं.'