घोड्याच्या घरातलं प्यादं

बुद्धिबळात रामसिंग राठोडला तांड्यात कोणी तोड नव्हती, आणि पुढच्या सगळ्या रामायणाचं मूळ तिथंच होतं. ज्याला गावात कोणी हरवत नाही, त्याला चार गोष्टी सांगायला देवसुद्धा कचरतो.

खेळ त्याला बापाकडून मिळालेला. भावसिंगनं बाभळीच्या लाकडाचे मोहरे कोरले होते, पोत्यावर कोळशानं चौसष्ट घरं आखली होती आणि नियम तोंडी दिले होते. प्यादं एका वेळी एकच घर चालतं. सरकत सरकत पार पलीकडच्या टोकाला पोचलं, की ज्या घरात पोचलं त्या घरचं होतं. हत्तीच्या घरात हत्ती, घोड्याच्या घरात घोडा. वजीर पाहिजे तर वजिराच्याच घरात शिरावं लागतं. साखऱ्याजवळच्या त्या तांड्यावर लिंबाखाली पन्नास वर्षं हाच कायदा चालला.

रामसिंगनं तो लेकीला शिकवला. दिपाचं डोकं असं की झालेला डाव ती पहिल्या चालीपासून शेवटापर्यंत पुन्हा मांडून दाखवायची. शाळेतल्या विश्वंभर सरांच्या हे ध्यानात आलं आणि त्यांनी तिला शाळेचा खेळ शिकवायला घेतला. त्यात प्यादं पहिल्यांदा दोन घरं उडी मारतं, राजा आणि हत्ती जागा बदलतात. महिनाभरात पोरगी त्या नियमांनी बापाला हरवू लागली. रामसिंग तांड्यावर हसत हसत सांगायचा, "लेकीनं धूळ चारली बघा." पण ते त्याला आतून झोंबत होतं.

हिंगोली जिल्हा नुकताच वेगळा झाला होता आणि शाळांच्या जिल्हा स्पर्धा वसमतला ठरल्या होत्या. मुलींत जी पहिली येईल तिला नांदेडच्या वसतिगृहात खेळाडूची जागा मिळणार होती. दिपा नववीत होती. तिच्या याडीनं, म्हणजे आई नानीबाईनं, डोंगरकड्याकडच्या तांड्यावरचा संतोष नावाचा पोरगा हेरून ठेवला होता. ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता मोजतात. एकट्या गड्याला मुकादम विचारत नाही. म्हणून संतोषच्या घरच्यांना घाई होती. बऱ्याच रडारडीनंतर नानीबाईनं एक कबूल केलं. "जितली तर जाऊ द्या नांदेडला. हरली तर तुळशीच्या लगनामागं हिचंबी लगन. मग कोणी मधी बोलायचं न्हाई."

स्पर्धेच्या आठवडाभर आधी बाजाराच्या दिवशी विश्वंभर सरांनी रामसिंगला गाठलं.

"रामसिंगभाऊ, पोरीला एक सांगायचं राहूनच गेलं. मी आता प्रशिक्षणाला चाललो, थेट वसमतला येईन. तिथं प्यादं शेवटच्या घरात गेलं की घर कोणतं का असेना, पाहिजे तो मोहरा घेता येतो. तिला म्हणावं, डोळे झाकून वजीर घे."

"व्हय, सांगतो की," रामसिंग म्हणाला.

त्यानं सांगितलं नाही. विसरला असता तर एक वेळ माफ होतं. पण तो विसरला नव्हता. कुठल्याही घरात वजीर? मग घराला किंमत काय राहिली? भावसिंग काय खुळा होता? सरांनी दोन नियम मोडले ते त्यानं सोसले, हा तिसरा त्याच्या तोंडून निघेना. आणि प्यादं शेवटपर्यंत जातंच कधी, असं म्हणून त्यानं स्वतःची समजूत घातली.

वसमतला दिपा चार डाव जिंकली. शेवटचा डाव तिथल्याच एका चष्मेवाल्या पोरीशी होता. आईबापांना आत सोडत नव्हते, म्हणून रामसिंग खिडकीचे गज धरून उभा होता. दोघींचे वजीर मारले गेले होते. दिपाचं एक प्यादं मोकळं सुटलं होतं आणि ते पळत सुटलं. ते शेवटच्या घरात पोचलं, तशी तिनं मेलेल्या मोहऱ्यांतला घोडा उचलून तिथं ठेवला. ते घोड्याचं घर होतं. 'बराबर,' रामसिंगनं मान हलवली.

पंचांनी वाकून विचारलं, "घोडा? नक्की?"

तेव्हा रामसिंगला सरांचा निरोप आठवला. गजाआडून ओरडावं असं त्याला वाटलं, पण तोंडातून आवाज फुटेना. दिपानं आधी पंचांकडं, मग खिडकीकडं पाहिलं. बाप मान हलवताना तिला दिसलाच होता. "नक्की," ती म्हणाली. समोरच्या पोरीनं दहा चालींत आपलं प्यादं टोकाला नेलं, वजीर घेतला आणि डाव संपवला.

रामसिंग नळावर तोंड धुऊन आला तेव्हा विश्वंभर सर दिपापासून दूर जात होते. त्यांनी रामसिंगकडं एकदा पाहिलं आणि पाठ फिरवली.

वसमतच्या स्टँडवर हिंगोलीची गाडी लागायची होती. दिपानं बाकावर मोहरे मांडले आणि अख्खा डाव पुन्हा लावला. ती रडत नव्हती. एकेक चाल मांडत ती प्यादं शेवटच्या घरात जाईस्तोवर आली आणि तिनं बोट तिथंच ठेवलं.

"बा, हितं वजीर घेता येत व्हता म्हणतात. तुला ठावं होतं का?"

स्टँडवर गर्दी होती, पण त्या घडीला रामसिंगला दुसरं काही ऐकू येत नव्हतं.

"न्हाई," तो म्हणाला. "मला कसं ठावं असंल?"

ती त्याच्याकडं पाहत राहिली. त्या नजरेपुढं टिकणं होईना म्हणून त्यानं घाईघाईनं मोहरे मागं नेले. "खरी चूक हितं हाय बघ. सतराव्या चालीला. उंट हलवायचा न्हवता. तिथंच डाव गेला, पुढचं सोड." आणि गाडी येईपर्यंत तो तिला सतरावी चाल समजावत राहिला. तीही व्हय व्हय म्हणत राहिली.

घरी त्यानं नानीबाईला तेच सांगितलं, लिंबाखाली तेच सांगितलं. पोरगी सतराव्या चालीला चुकली. नानीबाई म्हणाली, "इतकं शिकूनबी चुकलीच की." तुळशीचं लग्न झालं आणि चौथ्या दिवशी दिपाचं झालं. रडेल, अडून बसेल, असं सगळ्यांना वाटलं होतं. ती एका शब्दानं काही बोलली नाही. आठवड्याभरात नवा कोयता ट्रकमध्ये बसून गेला.

सात वर्षं गेली. दिपाच्या डाव्या हाताची दोन बोटं उसाच्या फडात गेली. दिवाळीनंतर ती आणि संतोष निघायचे, उन्हाळ्यात परत यायचे. तिची लेक प्रतिक्षा आता शाळेच्या वयाची झाली होती, आणि तिलाही फडावर नेलं तर शाळा गेलीच म्हणायची. म्हणून त्या वर्षी ट्रक यायच्या आदल्या दिवशी रामसिंग डोंगरकड्याला उतरला आणि तांड्यावर गेला. नातीला आपल्यापाशी ठेवून घ्यायचं त्यानं ठरवलं होतं. पिशवीत भावसिंगचे मोहरे होते.

पोरीनं मोहरे पाहिले आणि टाळ्या पिटत मांडायला बसली. तिला सगळं येत होतं. प्यादं टोकाला नेऊन ती म्हणाली, "आजोबा, हितं कायबी घेता येतं. पण वजीरच घ्यायचा. मायनं मला हे सगळ्यात आधी शिकवलंय."

चुलीपुढं बसलेल्या दिपाला तो म्हणाला, "पोरीला माझ्यापाशी ठेव. शाळेत घालतो. तकलीफ होऊ देणार न्हाई."

दिपानं हातातली भाकर तव्यावर टाकली. "बा, तुला त्या नियमाचं ठावं होतं का?"

तोच प्रश्न होता, त्याच आवाजात विचारलेला. सात वर्षं घोकलेलं उत्तर त्याच्या तोंडाशी तयार होतं. पण पोर समोर वजीर हातात धरून बसली होती.

"व्हय," तो म्हणाला. "सरांनी सांगितलं होतं. म्याच बोललो न्हाई."

"मला ठावं हाय. तू नळावर गेलतास तवाच सरांनी सांगितलं."

"मग... मला काहून इचारलंस?"

"तू व्हय म्हणावंस म्हणून." तिनं भाकर उलटली. "व्हय म्हणला असतास तर याडीपुढं उभं राहायला मला तोंड होतं. म्हणले असते, चूक बाची हाय, मला अजून एक साल द्या. तू बी माझ्या बाजूनं बोलला असतास. गाडी येईस्तोवर मी वाट पाहिली. तू सतरावी चाल सांगत बसलास. मग चूक माझीच राहिली."

"आता म्हणतो ना व्हय. साऱ्या तांड्यापुढं म्हणतो."

"आता त्याचं काय करू, बा?"

बाहेर संतोष कानस घेऊन कोयत्याला धार लावत होता.

"प्रतिक्षाला सासूपाशी ठेवून चालले मी," दिपा म्हणाली. "म्हातारीला बुद्धिबळ येत न्हाई, पण मास्तरनं काही सांगितलं तर घरी येऊन सांगती. तुझ्यापाशी न्हाई ठेवायची." मग तिनं चहाची कपबशी त्याच्याकडं सरकवली. "चहा घे. गाडी चुकंल तुझी."

रामसिंगनं चहा घेतला. पोर म्हणत होती, आजोबा, एक डाव खेळा ना. त्यानं मोहरे तिच्यापाशीच राहू दिले. गाडीला अजून दोन तास होते, तरी तो उठला.