कॅप्टन मरणार हे माहीत असताना

कॉलेजात असताना मृणाल आणि सुमेधने ज्या अंतराळपटाची पारायणं केलेली, त्याच्या आधीची कथा सांगणारा नवा सिनेमा लागला, तेव्हा सुमेधच म्हणाला, "जाऊया." केमो सुरू झाल्यापासून तो पहिल्यांदाच हौसेने घराबाहेर पडत होता. औषधं आता उपयोगाची नाहीत, हे डॉक्टरांनी फक्त त्याच्या बायकोला, मृणालला सांगितलं होतं.

कल्याणच्या मॉलमध्ये दोघं दुपारच्या शोला बसले. जुन्या सिनेमात शेवटी मरणारा कॅप्टन इथे विशीतला होता. यानाने पहिली झेप घेतली तेव्हा सुमेधने टाळ्या वाजवल्या. मग कॅप्टनने बायकोला म्हटलं, "मी परत येईन," आणि मृणालला पुढे पडद्याकडे बघवेना.

बाहेर आल्यावर तिने विचारलं, "आवडला?"

"दिसायला भारी आहे गं. पण कशाला काढला? तो मरणार हे सगळ्यांना माहितेय, त्याला एकट्यालाच नाही. रागच आला मला."

मृणालने नजर चुकवली. सुमेध तिच्याकडे बघत राहिला.

"मृणाल, डॉक्टर काय म्हणाले?"

तिला खोटं बोलायचं होतं, पण रडूच फुटलं. "दिवाळीपर्यंत," ती कशीबशी म्हणाली.

सुमेध फूड कोर्टातल्या खुर्चीवर बसला. तिने धरलेला हात त्याने झटकला. बऱ्याच वेळाने त्यानेच तिचा हात धरला. ठाकुर्लीला घरी जायचं होतं, पण दोघांपैकी कोणालाही उठवत नव्हतं.