मिलोच्या गाडीचे दोन पंखे

मिलो ह्रुस्काची गाडी वर्षातून एकदाच उकळायची, पण उकळायची ती सगळ्या गावासमोर.

नेब्रास्कातल्या लिपोव्हा गावात ऑगस्टमध्ये चेक लोकांची जत्रा भरते आणि शनिवारी मिरवणूक निघते. मिलोची एकसष्ट सालची हिरवी इंग्लिश गाडी, दोन माणसांची, बिनछपराची, हायवेवर वाऱ्यासारखी पळायची. मिरवणुकीत मात्र माणसाच्या पावलाने चालावं लागे. मग रेडिएटरला वारा मिळायचा नाही, इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा एकुलता एक पंखा पेंगायला लागायचा आणि बँकेच्या कोपऱ्यावर बॉनेटमधून वाफ निघायची. मागून येणाऱ्या आगीच्या बंबावरचे लोक उतरून गाडी ढकलायचे. हुशार माणसं सकाळपासून त्याच कोपऱ्यावर खुर्च्या टाकून जागा धरत.

यंदा मिरवणुकीचा मान मिलोच्या सासूबाईंना होता. व्लास्ता कुचेरा, वय त्र्याण्णव, सगळे दात स्वतःचे आणि सगळी मतंही स्वतःचीच. कोणत्या वाहनात बसायचं ते त्यांनीच ठरवायचं होतं.

"आई, माझ्या गाडीत बसा," मिलो रविवारी जेवताना म्हणाला.

व्लास्ताबाईंनी त्याच्या ताटात बदकाचा आणखी एक तुकडा वाढला. "चौऱ्याहत्तर साली माझी डेलोरिस नवरीच्या कपड्यांत धान्याच्या ट्रकमधून चर्चला आली. ती कुणाच्या गाडीमुळे?"

नवरीला स्वतःच आणण्याचा हट्ट मिलोचा होता, आणि अर्ध्या वाटेत उकळलेली गाडीही हीच. ट्रक त्याचा मित्र लेलंड सोबोटकाचा होता. पन्नास वर्षं झाली, पण बाईंनी त्या दिवसाची माफी दिली नव्हती. डेलोरिसला जाऊन दोन वर्षं झाली होती. आता मिलोला आपलं म्हणावं असं माणूस या बाईखेरीज कोणी उरलं नव्हतं, आणि या बाईच्या तोंडून एकदा तरी बरा शब्द ऐकावा एवढीच त्याची इच्छा होती. एवढी साधी इच्छा माणसाला किती छळते ते त्याच्याकडे बघून कळायचं.

"शुक्रवारी येते," शेवटी बाई म्हणाल्या. "गाडी जागच्या जागी वीस मिनिटं चालव. उकळली नाही तर बसेन. आणि सोबोटकाला सांग, शनिवारी ट्रक घेऊन मागे राहा."

मग मिलोने जन्मात केलं नव्हतं ते केलं. कारखान्याने बसवलेला पंखा, ज्याला हात लावू म्हणणाऱ्यांशी त्याने आजवर वैर धरलं होतं, तो काढला आणि रेडिएटरच्या पुढे दोन नवेकोरे विजेचे पंखे शेजारी शेजारी बसवले. मदतीला लेलंड होता. त्याच्या मदतीत निम्मी टिंगल असायची.

"काळी वायर बॉडीला लाव," लेलंड म्हणाला.

"लाल लावायची."

"जगातल्या सगळ्या गाड्यांना काळीच लावतात, बाबा."

"ही इंग्लिश आहे. जुन्या इंग्लिश गाड्यांचं सगळं उलटं असतं. बॅटरीची प्लस बाजू बॉडीला. पन्नास वर्षं गाडी माझी आहे की तुझी?"

"उकळते तेव्हा तर तू सगळ्या गावाची म्हणतोस."

बॅटरी सीटच्या मागे फळीखाली होती. फळी उचलून बघायला दोन मिनिटं पुरली असती. पण बघायचं म्हणजे आपल्याला शंका आहे हे कबूल करायचं, आणि ते त्या दोघांच्या रक्तात नव्हतं. त्यांनी वाद मिटवला तो असा की डावा पंखा लेलंडने जोडायचा आणि उजवा मिलोने, ज्याचा चालेल तो खरा. बटण दाबलं, दोन्ही पंखे गरगर फिरले. दोघेही आपापल्या परीने जिंकून घरी गेले.

शुक्रवारी व्लास्ताबाई खसखशीच्या कोलाच्यांचा, म्हणजे चेक गोड पावांचा, डबा घेऊन आल्या आणि गाडीच्या नाकासमोरच घडीची खुर्ची टाकून बसल्या. लेलंडही गंमत बघायला आला होता. मनगटावरचं घड्याळ बघून बाई म्हणाल्या, "कर सुरू."

नवव्या मिनिटाला इंजिनाच्या तापमानाचा काटा वर सरकू लागला. मिलोने घाम पुसला. तेराव्या मिनिटाला वाफ आली, ती नेहमीची, ओळखीची. मिलोने इंजिन बंद केलं आणि स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. त्याला खरंच रडू येत होतं.

"पंखे बंद नको करू," बाई म्हणाल्या. त्यांच्या मांडीवरचा कागदी रुमाल उडून डाव्या जाळीला जाऊन चिकटला होता. त्यांनी डब्यातून दुसरा घेतला आणि उजव्या जाळीपुढे धरला. तो फडफडत उलटा त्यांच्याच नाकावर आला.

"एक आत ओढतोय, दुसरा बाहेर फुंकतोय," त्या म्हणाल्या. "तुम्ही दोघं भांडा, आणि शिक्षा गाडीला. वायरी उलट्या लागल्या की पंखाही उलटा फिरतो. बॅटरी बघितलीत का?"

दोघांनी एकमेकांकडे बघायचं टाळलं. लेलंडने फळी उचलली. बॉडीला मायनस बाजू जोडलेली होती, जगातल्या सगळ्या गाड्यांसारखी.

"ही कुणी फिरवली?" मिलो म्हणाला.

"तूच. अठ्ठ्याऐंशी साली." व्लास्ताबाईंनी रुमालाची नीट घडी घातली. "डेलोरिसला गाडीत रविवारचं पोल्का नाचाचं संगीत ऐकायचं होतं. नवा रेडिओ उलट्या गाडीवर चालेना. तू तीन दिवस गाडीखाली पडून होतास. मला फोन केला होता तिने. म्हणाली, आई, यानं माझ्यासाठी सगळी गाडी फिरवली."

मिलो बंपरवर बसला. तीन दिवस त्याला आता आठवले. पाठीखालचा गार सिमेंटचा कोबा, आणि उशाशी बसून त्याला सँडविच भरवणारी डेलोरिस. ती गेल्यापासून त्याने रेडिओला हात लावला नव्हता. आणि तिच्यासाठी काय केलं होतं तेच तो साफ विसरून बसला होता.

"तुम्हाला बरं आठवतं, आई."

"मला ट्रकही आठवतो."

लेलंडच्या जिभेवर दहा टोमणे आले असतील, पण त्या दिवशी त्याने एकही मारला नाही. मिलोने स्वतःच्या हाताने उजव्या पंख्याच्या वायरी अदलाबदल केल्या, पाणी भरलं. बाईंनी पुन्हा घड्याळ लावलं, आणि मुद्दाम वीसऐवजी तीस मिनिटं बसून राहिल्या. काटा मधोमध उभा होता.

शनिवारी बँकेच्या कोपऱ्यावर नेहमीच्या खुर्च्या होत्या, फोन वर धरलेले होते. गाडी आली आणि पुढे गेली. बंबावरच्या लोकांची फार निराशा झाली. व्लास्ताबाई राणीसारखा हात हलवत होत्या.

"तो रेडिओ चालतो का अजून?" त्यांनी हात न थांबवता विचारलं.

मिलोने बटण फिरवलं. थोडी खरखर झाली आणि मग अ‍ॅकॉर्डियन वाजू लागलं.

चर्चपाशी मिरवणूक संपली. लेलंड मागून ट्रक घेऊन आला, उतरला आणि बाईंना हात द्यायला पुढे झाला.

"ट्रक घेऊन जा, लेलंड," व्लास्ताबाई जागच्या न हलता म्हणाल्या. "मला माझा जावई सोडेल."