अर्धी गोळी

“ही कशाची डबी हो, मनकर्णाताई?” माया सिस्टरने विचारलं आणि मनकर्णाने घाईने पदर पुढे ओढला.

डबी तंबाखूची होती, पण तंबाखूचा पत्ता नव्हता. आत होत्या अडकित्त्याने कातरलेल्या अर्ध्या अर्ध्या गोळ्या. अमरावतीच्या दवाखान्यातल्या बाकावर कौशल्याबाई ती डबी हळूच मनकर्णाच्या हातात सरकवत होती, तेवढ्यात झाकण निघालं आणि गोळ्या फरशीभर पसरल्या. झाली का पंचाईत!

गेल्या वर्षी दोघी याच दवाखान्यात शेजारच्या खाटांवर होत्या. कौशल्याबाई साठीची, धामणगाव रेल्वेची. मनकर्णा बेचाळिशीची, शेंदूरजनाघाटच्या संत्र्याच्या बागेतली. दोघींच्याही छातीत कर्करोगाची गाठ. सुया बरोबरच लागल्या, केसही बरोबरच गेले, भाकर एका डब्यातली खाल्ली. मग उपचार संपले, आणि कौशल्याबाईला मिळाली रोज एक गोळी, पाच वर्षांसाठी. मनकर्णाला काहीच नाही. तपासणीला येत जा, एवढंच. डॉक्टरांनी आपल्यावर पाणी सोडलं, असं धरून बिचारी घरापर्यंत एसटीत रडत गेली होती.

“मीच देल्ल्या गोळ्या,” कौशल्याबाई ताठ मानेने म्हणाली. “आमचा डबा एक होता, तं गोळी एकटीनं काहून खाऊ?”

“किती दिवस झाले?”

“दोन महिने. मागच्या तपासणीलेबी अशीच डबी देल्ली.”

माया सिस्टरने कपाळावर हात मारला. मग ती तशीच डॉक्टरांच्या खोलीत गेली, परत आली आणि दोघींच्या मध्ये बसली.

“मावशी, आजपासून पुरी गोळी घ्यायची. अर्धीनं तुमचं भागत नाही. आणि ताई, तुम्ही बागवाल्या. बहार धरायला संत्र्याला काय करता?”

“पाणी तोडतो. पानं गळेपर्यंत ताण देतो.”

“मावशीचा आजार अंगातल्या एका रसावर, हार्मोनवर, जगतो. गोळी त्याचं पाणी तोडते. तुमचा आजार ते पाणी पितच नव्हता. मग तोडून काय उपयोग? म्हणून तो सुया, ऑपरेशन अन् किरणांचा शेक देऊन मुळापासून काढला.”

मनकर्णा बाकावर पुढे सरकली. “म्हंजे मले सोडलं नाई?”

“सोडतो कशाला? आजचा रिपोर्ट बघा. स्वच्छ आहे!”

मनकर्णा एकदम हसली, हसता हसता रडली आणि बोटभर वाढलेल्या केसांवरून हात फिरवत राहिली. कौशल्याबाईने तिच्या पाठीत धपाटा घातला. “पाह्य, उगीच माह्या गोळ्या फस्त केल्या तुनं!”

“पण मलेच असा आजार काहून झाला, सिस्टर?” डोळे पुसत मनकर्णाने विचारलं.

“ते अजून पुरतं कोणालाच कळलेलं नाही. परदेशातल्या गोऱ्या बायांपेक्षा आपल्या बायांत तुमच्यासारखा प्रकार जास्त दिसतो, तोही कमी वयात. कोणाच्या वंशात कोणता प्रकार जास्त, अन् का, हेच शोधणं चालू आहे. त्यासाठी हा फॉर्म भरता का? आजीचं माहेर कोणतं?”

“बापाची आई का आईची आई?”

“दोन्ही सांगा.”

आजवर सासरी कोणी आजीचं माहेर विचारलं नव्हतं. मनकर्णा सावरून बसली. “लिवा. आईची आई पांढुर्ण्याची. गंगू नाव तिचं. लय जिद्दीची बाई!” कौशल्याबाईला कुठे दम निघतोय! “माहीबी लिवा!” म्हणत तिने आपल्या पणजीपासून सुरुवात केली. फॉर्म पुरेना, तेव्हा माया सिस्टर हसत मागच्या बाजूला लिहू लागली. जाताना मनकर्णाने फरशीवरच्या अर्ध्या गोळ्या एकूण एक वेचून सिस्टरच्या स्वाधीन केल्या.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी आठच्या ठोक्याला मनकर्णाचा फोन धामणगावला जाऊ लागला.

“घेतली काय वं बाई?”

“घेऊन राहिली ना, माय.”

“पुरी?”

“पुरी!”

तेवढ्यावर मनकर्णाचा विश्वास बसत नसे. पलीकडून पाण्याचा घोट ऐकू आल्याशिवाय ती फोन ठेवतच नसे. घोट ऐकला की आपणही लोटाभर पाणी घटाघटा प्यायची, तोंड पुसायची आणि टोपलं घेऊन बागेत शिरायची.