पंखा, हवा आणि हाऊ

आमच्या कोसाडच्या खोलीत दुपारी पंखा किती हळू फिरतो, सांगू? मागच्या उन्हाळ्यात मी एका पात्यावर ओली बिबडी वाळत घातली. पातं एक फेरा मारून परत माझ्यापाशी येईपर्यंत बिबडी वाळली, तळली, पाव्हण्यांनी खाल्ली, आणि पाव्हणे अमळनेरला पोचून त्यांचा फोनसुद्धा आला.

हे मी म्हाताऱ्याला सांगितलं. पहिलेसारखा असता तर लगेच बोलला असता, "वाळली ते मानलं. पण पंखा परत यायच्या आधी तू ती काढली कशी?" जन्मभर असंच. मी थाप मारायची आणि त्यानं तिला बरोबर भोक पाडायचं.

माझा नवरा, सुकदेव. नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं, पण रागवायला आता त्याला तोंड कुठे आहे? होळीनंतर लकवा झाला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, "ऐकू येतं. समजतं किती, ते नाही सांगता येत. बोलत राहा." मग मी बोलते. रोज आधीपेक्षा मोठी थाप. एखादी तरी त्याला सहन नाही झाली पाहिजे. मला एवढंच बघायचंय, की आत कुणी आहे का.

तो छताकडे बघतो. मी भात टाकते, त्याला पुसते, कूस बदलते. रडू येत नाही. लोक म्हणतात, प्रमिलाबाई घट्ट आहे. घट्ट काय, दाताच्या डॉक्टरनं सुई दिल्यावर गाल कसा असतो, तशी आहे मी.

त्या दिवशी दुपारी ट्यूब फडफडली आणि पंखा थांबला. बंद नाही पडला. मधमाशा बसल्यासारखा गुणगुणत जागेवरच उभा राहिला. उन्हाळ्यात आमच्याकडे हे चालूच. सगळ्यांचे कूलर, एसी एकदम लागले की पावर उतरते. सुषमा, माझी सून, खाली बसून साड्यांचे धागे कापत होती. नात मयुरी कॉलेजातून येऊन मोबाईल घेऊन पडली होती.

म्हाताऱ्याच्या घशातून आवाज आला. "हाऊ."

मयुरी ताडकन उठून गुजरातीत ओरडली. "मम्मी! आबा बोल्या! हवा मागे छे!"

सुषमाच्या हातातली कात्री पडली. "काय म्हणाले?"

"हवा! हवा बोल्या!"

सुषमा रडायलाच लागली. रडता रडता तिनं रेग्युलेटर पाचवर फिरवला. पंखा तरी फिरेना, नुसता जास्त घुमायला लागला. मग ती शेजारच्या कलाबाईकडे धावली आणि टेबल फॅन घेऊन आली. मागोमाग कलाबाई. टेबल फॅन लावला तशी ट्यूब विझलीच. तोही पंखा म्हाताऱ्या बैलासारखा मान हलवायला लागला.

"हाऊ. हाऊ." म्हाताऱ्याचा डावा हात चादरीवरून उचलला गेला.

"अजून हवा पाहिजे त्यांना," सुषमा म्हणाली. मयुरीनं व्हिडिओ काढला आणि भूपेंद्रला, माझ्या मुलाला, पाठवला. तो इच्छापोरच्या कारखान्यात कामावर होता.

मी म्हणाले, "तो हवा नाही म्हणत. हाऊ म्हणतो."

"हाऊ म्हणजे?" मयुरीनं विचारलं. अहिराणी तिला येत नाही. घरात बोलायचीच राहून गेली.

"हाऊ म्हणजे हा."

"हा म्हणजे कोण?"

कलाबाई हसली. "अहो प्रमिलाबाई, परवा तुम्ही सांगत होत्या, तापीतल्या मगरीनं तुमचं लुगडं धुऊन दिलं."

"दिलंच होतं. पिळलं नाही नीट, एवढंच. पण हे खरं आहे."

तिघी हसल्या. माझं मलाच कळलं नव्हतं अजून, हा म्हणजे कोण. मी म्हाताऱ्याकडे बघितलं. तो माझ्याकडे बघत नव्हता, टेबल फॅनकडेही नाही. वर, पंख्याच्या मोटरच्या वाटीकडे बघत होता. आणि तिथून वास येत होता, कपाटाचं पॉलिश जळावं तसा.

तेव्हा मला त्याचं कारखान्यातलं खातं आठवलं. पर्वत पाटियाच्या मागे तो कापड विणायचे सांचे चालवायचा, मी डबा घेऊन जायची. भूपेंद्र माझ्या बोटाला धरून. सांच्यांच्या खडखडाटात लांबलचक बोललेलं कुणाला ऐकू येत नाही. पावर उतरून दिवे पिवळे पडले की म्हातारा लाईनीतून पळत सुटायचा आणि एकेका सांच्याकडे बोट करायचा. हाऊ! हाऊ! हाऊ! की कारीगर तो तो सांचा बंद करायचे. पावर कमी असली की मोटरला फिरायला जोर पुरत नाही. पण वीज ती ओढतच राहते, उभ्या जागी तापते, आणि बळते, जळून जाते. हे तो मला डबा खाता खाता सांगायचा. त्याच्या गोष्टी अशाच, कोरड्या.

मी उठले आणि दोन्ही बटणं बंद केली.

"आत्या!" सुषमा ओरडली. "दोन महिन्यांनी त्यांनी काही मागितलं, आणि तुम्ही तेच बंद केलं?"

"हवा नाही मागितली त्यानं. मोटर बळत होती. बंद कर म्हणाला."

"हे सगळं एका शब्दात?" कलाबाई म्हणाली.

सुषमानं परत चालू केलं. मी परत बंद केलं, आणि बोर्डाला पाठ लावून उभी राहिले. दोघी मला ओढायच्या बाकी होत्या. म्हाताऱ्याचा हात खाली आला होता. तो गप्प झाला होता.

"बघ, गप्प झाला."

"थकले ते," सुषमा म्हणाली. पदरानं वारा घालायला लागली.

कलाबाई आपला टेबल फॅन उचलून घरी गेली. भूपेंद्र अर्धी पाळी टाकून आला. मोबाईल हातातच. दारातूनच बोलला, "माय, खरं सांग. काय बोलले आबा?"

मला पाहिजे ते सांगता आलं असतं. भाषण केलं, असं मी म्हणाले असते तरी त्याला तेव्हा खरं वाटलं असतं.

"हाऊ," मी म्हणाले. "बस, एवढंच."

त्यानं चप्पल काढली नाही. स्टुलावर चढून पंख्याच्या वाटीला हात लावला, नाक नेलं, आणि उतरला. सुषमाकडे बघितलंच नाही. पलंगापाशी वाकून बापाच्या कानात अहिराणीत म्हणाला, "आबा, हाऊ बंद कया."

म्हाताऱ्यानं डोळे मिटले. परत उघडले. मग मान हलवली, थोडीशी, कारीगरानं ऐकलं की सांच्यापाशी हलवायचा तशी.

मला वाटलं, आता रडू येईल. नाही आलं. बोर्डावरून पाठ काढली तेव्हा हाताला मुंग्या आल्या होत्या, तेवढंच.

उन्हं उतरली तशी ट्यूब पेटली, एकदम पांढरी. पावर आली. सुषमाचा हात सवयीनं बटणाकडे गेला आणि तिथेच थांबला. ती पलंगाकडे वळली.

"आबा," ती म्हणाली, "लावू?"

होळीपासून त्याला कुणी काही विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही. मी नुसतं सांगत होते.

तो वर बघत राहिला. घाई त्याला कधीच नसायची. आम्ही चौघं घामानं निथळत उभे होतो, आणि बटणाला कुणी हात लावत नव्हतं.