चारच्या ठोक्याला

दुपारी चारच्या ठोक्याला लीलाधर चोपडे भुसावळला जात, आणि त्याच वेळी नाशकात आपल्या खुर्चीत बसून चहाही पीत. यात त्यांचा काही दोष नव्हता. माणूस नियमाचा पक्का, एवढंच.

टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी घरातले फोटो, कागदपत्रं, वडिलांच्या आवाजाचं रेकॉर्डिंग, सगळं घरच्याच सर्व्हरवर आणलं. सर्व्हर म्हणजे फडताळातला बुटांच्या खोक्याएवढा काळा डबा. आपल्या जिवाभावाच्या गोष्टी परक्याच्या कपाटात कशाला, असं त्यांचं म्हणणं. पण बॅकअपचा नियम असा, की एक प्रत दुसऱ्या गावी हवी. घराला आग लागली तर? आणि दुसऱ्या गावी हक्काचं माणूस एकच, थोरला भाऊ भास्कर. त्याच्याशी नऊ वर्षं बोलणं नव्हतं. वडील गेले तेव्हा भास्करनं अग्नी दिल्यावर कळवलं होतं. शेवटचं तोंडही बघायला मिळालं नाही, हे लीलाधरांच्या मनातून जात नव्हतं.

"डबाच ठेवायचाय ना? बोलायला कोण सांगतंय?" बायको पुष्पा म्हणाली. तिनं जावेला फोन केला आणि दुसरा डबा कुरिअरनं भुसावळला गेला. वर लीलाधरांची चिठ्ठी: 'वायर काढू नये.' बाकी एक अक्षर नाही. आता काय म्हणावं या माणसाला!

रोज चारला इथली प्रत तिथे जाऊ लागली. आधी फोटो गेले. मग फडताळातला कापराचा वास गेला. आणि एके दिवशी जावेचा फोन आला.

"पुष्पा, भाऊजी आलेत गं. ओसरीत बंगईवर झोके घेतायत. चहा दिला, पितायत."

पुष्पानं समोर पाहिलं. लीलाधर समोरच चहा पीत होते. तिनं सांगितलं तसा त्यांच्या अंगावर सर्रकन काटा आला. मग हळूहळू चेहरा उजळला. देवळात जावं तशी त्यांनी टोपी घातली.

"म्हणजे प्रत चोख जातेय," ते म्हणाले.

तेव्हापासून रोज चारला दोघं नवरा-बायको फडताळासमोर गुपचूप उभे राहत. असे दोन महिने गेले. मग एका मंगळवारी, साडेतीनला, खुद्द भास्करचाच फोन आला.

"लिलू, चारला गाडी येतेय मला न्यायला. हृदयाचं ऑपरेशन आहे."

"दादा! मी निघतो."

"निघतोस कुठे? तू इथेच बसलायस की माझ्याजवळ."

लीलाधर पायात चप्पल सरकवता सरकवता थांबले.

"रोज तुला बाबांचं ते सांगतो," भास्कर म्हणाला. "तू ऐकून घेतोस. चार वाजले की नवा येतोस, काहीच न ऐकलेला. मी पुन्हा सांगतो. आज शेवटचं सांगतोय."

"मग मलाही सांग ना."

"फोनवर नाही रे जमत. तोंडावरच जमतं." त्यानं फोन ठेवला.

प्रत उलटी आणता येते. तिथलं इथे घ्यायचं, म्हणजे इथलं पुसलं जातं आणि तिथलं त्या जागी बसतं. लीलाधरांनी ते कधीच करून पाहिलं नव्हतं. प्रती सगळेच ठेवतात हो, परत आणून कोण बघतो! आणि चार वाजले की तिथल्या लीलाधरांनी आज ऐकलेलंही गेलंच.

"अहो, अर्धेच आलात तर?" पुष्पाच्या डोळ्यांत पाणी होतं.

"तर अर्ध्याला जेवायला वाढ," ते म्हणाले, आणि चार वाजायला दहा मिनिटं असताना त्यांनी बटण दाबलं.

काळा डबा घुमू लागला. लीलाधर खुर्चीत डोळे मिटून बसले. आधी भुसावळचं ऊन आलं, फरशी तापली. मग खुर्ची झुलू लागली. चारही पाय जमिनीवर होते, तरी मागे-पुढे होत होती, आणि कड्यांची करकर स्पष्ट ऐकू येत होती. पुष्पानं हात जोडले. जन्मात असं काही पाहीन असं तिला वाटलं नव्हतं.

चार वाजायला एक मिनिट उरलं. लीलाधरांच्या उजव्या खांद्यावर सदरा ओला होऊ लागला. डाग वाढत वाढत छातीपर्यंत आला. पुष्पानं बोट लावून पाहिलं, ओल कोमट होती. लीलाधरांनी हात उचलला आणि समोरच्या मोकळ्या हवेत, कुणाच्या तरी पाठीवरून ते तो सावकाश फिरवू लागले.

घड्याळात चारचा पहिला ठोका पडला.